दान नको, आमचे देणे द्या!

मागच्या पावसाळ्यातील गोष्ट. तारीख ११ जुलै. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात शहिदांना अभिवादन करून आम्ही घरी आलो, भिजलेले कपडे बदलले आणि आडवे झालो. रात्री पावणेदोनला फोन वाजला. वस्तीतलाच एक तरुण कार्यकर्ता होता.

‘‘जयभीम दादा. भाऊजींच्या छातीत कळ आलीय. एका दवाखान्यात गेलो, तिथे आयसीयूत जागा नाही म्हणाले. आता दुसऱ्या हॉस्पिटलात आणलंय. हे पंचाहत्तर हजार भरा म्हणतात, मग आत घेऊ. काय करू?’’

आम्ही विचारले, ‘‘हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का? दारावरच्या पाटीवर बघ.’’ तो पावसात बाहेर जाऊन पाटी वाचून आला. होय, ट्रस्टचेच होते. आम्ही म्हटले, ‘‘काउंटरवर सांग, धर्मादाय योजनेतून दाखल करून घ्या. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागता येत नाही.’’ पलीकडे काउंटरवरच्या इसमाचा आवाज आम्हाला फोनवर स्पष्ट ऐकू आला : ‘‘चॅरिटीचं सकाळी दहाला बघतात. सोशल वर्कर दहाला येतात.’’

हृदयविकाराचा झटका सकाळी दहा वाजेपर्यंत थांबतो, असे वैद्यकशास्त्र निदान आमच्या तरी वाचनात नाही!

आम्ही रिक्षा करून गेलो. बहीण, म्हणजे रुग्णाची पत्नी, कानातले काढून रुमालात बांधून हातात धरून बसली होती. एवढ्या रात्री कोणता सराफ उघडा असणार होता? पण हातात काहीतरी असावे, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही तिथेच एका कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला. विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली २००६ ची योजना, एवढे दोन उल्लेख केले आणि खाली सही करून सनदेचा क्रमांक टाकला. काउंटरवरच्या इसमाने कागद वाचला, आमच्याकडे पाहिले आणि पहिल्यांदाच ‘आपण’ म्हणाला, ‘‘आपण वकील आहात का?’’ पुढच्या दहा मिनिटांत स्ट्रेचर आत गेले.

माणूस वाचला. म्हणून ही हकिकत आज लिहिता येते. रुग्णालयाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. नाव दिले की चर्चा त्या एका दारावर अडकते, आणि हे काही एका दाराचे दुखणे नव्हे. आमच्या मनाला लागले ते वेगळेच. जो कायदा २००६ पासून अमलात आहे, तो त्या रात्री जागा झाला तो रुग्णाच्या छातीतल्या कळेमुळे नव्हे, वकिलाच्या सहीमुळे. ज्याच्या फोनमध्ये वकिलाचा नंबर नाही, त्याचे काय? अंधेरीच्या झोपडपट्टीतला, दहिसरच्या टेकडीवरचा, मुलुंडच्या हनुमानपाड्यातला आमचा बांधव रात्री पावणेदोनला कोणाला फोन करणार?

सध्या देशभर आरोग्य सुधारणेची मोठी चर्चा चालू आहे. विमा की सरकारी दवाखाना, कार्ड की हक्क, केंद्राने करायचे की राज्याने, असे वाद रंगतात. ते वाद महत्त्वाचे आहेतच आणि त्यांवर आम्ही पुढे बोलू. पण आधी आपल्या खिशात जे आहे ते तरी आपल्याला माहीत आहे का?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (पूर्वीचे नाव मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) यात कलम ४१ कक आहे. ट्रस्टच्या रुग्णालयाने गरिबांसाठी खाटा राखाव्यात, असे हे कलम सांगते. कलम होते, पण अंमलबजावणी नव्हती. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, तिच्यातून योजना तयार झाली आणि १ सप्टेंबर २००६ पासून ती लागू झाली. धर्मादाय रुग्णालयाच्या एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी संपूर्ण मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात. आज वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब निर्धन आणि त्यापुढे ३ लाख ६० हजारांपर्यंतचे दुर्बल. तातडीच्या रुग्णाला मात्र ताबडतोब दाखल करून घ्यायचे, जीव वाचवण्यासाठी लागेल ते उपचार द्यायचे, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत अनामत मागायची नाही. ‘सकाळी दहाला या’ असे त्या योजनेत कुठेही लिहिलेले नाही.

आता यातील सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी आमच्या दहापैकी नऊ कार्यकर्त्यांना ठाऊक नसते. हा पैसा येतो कोठून? विश्वस्तांच्या तिजोरीतून नव्हे. रुग्णालयाने इतर रुग्णांना जी बिले आकारली, त्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या वेगळ्या खात्यात जमा करायची असते. ज्या रुग्णालयाची वर्षाची बिले १०० कोटींची आहेत, तेथे दरवर्षी २ कोटी या खात्यात पडले पाहिजेत. त्यातून निर्धनांच्या उपचाराचा खर्च भागवायचा. खाट, परिचारिकेची सेवा, निवासी डॉक्टरांची सेवा, चादर, पाणी, वीज यांचे तर बिलच लावायचे नाही. याचा दरमहा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे पाठवायचा. म्हणजे हे सगळे हिशेबाचे काम आहे, कोणाच्या दयाबुद्धीचे नाही.

म्हणूनच आम्हाला ‘धर्मादाय’ या शब्दाचीच अडचण वाटते. शब्द कानावर पडला की आमचा माणूस आपोआप हात जोडतो आणि काउंटरवरचा माणूस आपोआप मान वर करतो. जणू देवळाच्या पायरीवरचा व्यवहार! दान म्हणजे काय, हे बौद्धांना कोणी शिकवायला नको. दहा पारमितांत पहिलीच दानपारमिता आहे. दान म्हणजे आपले आहे ते, परत काही न घेता, दुसऱ्याला देणे. या ट्रस्टांनी तर आधी घेतले आहे. प्राप्तिकरातून सूट घेतली. कित्येकांनी सरकारी भूखंड नाममात्र भाड्याने घेतले, वाढीव चटईक्षेत्र घेतले. उपनगरातल्या जमिनीचा आजचा भाव पाहा, म्हणजे त्या एकेका सवलतीची किंमत कळेल. तिजोरीत जो कर जमा व्हायला हवा होता, तो न भरण्याची मुभा समाजाने त्यांना दिली. आमचा सफाई कामगार काड्यापेटीवरसुद्धा कर भरतो! त्याच्या बदल्यात समाजाने पाच खाटांमागे एक खाट मागितली. यात दान कोणी कोणाला केले? हे सरळ सरळ देणे आहे, आणि देणे थकवणाऱ्याला आपल्या भाषेत दाता म्हणत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयानेही वेगळे सांगितलेले नाही. दिल्लीत सरकारी जमीन सवलतीत घेऊन उभ्या राहिलेल्या रुग्णालयांनी गरिबांना मोफत उपचार द्यायला नकार दिला आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मूलचंद खैरातीराम ट्रस्टच्या त्या खटल्यात ९ जुलै २०१८ रोजी निकाल लागला : दाखल रुग्णांपैकी १० टक्के आणि बाह्यरुग्णांपैकी २५ टक्के गरिबांना मोफत उपचार द्यावेच लागतील. जमीन घेताना अट मान्य नव्हती तर जमीन घ्यायची नव्हती, असा तो साधा हिशेब आहे.

पुण्यात २०२५ साली दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात एका गरोदर महिलेच्या कुटुंबाकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला, पुढे त्या महिलेचा दुसऱ्या रुग्णालयात मृत्यू झाला आणि सारा महाराष्ट्र हादरला. मोर्चे निघाले, चौकशी समित्या नेमल्या गेल्या, धर्मादाय रुग्णालये म्हणजे काय हे वाहिन्यांनी आठवडाभर समजावून सांगितले. आम्ही त्या दिवसांत एक गोष्ट टिपून ठेवली. ते कुटुंब वजनदार ओळखी असलेले होते. मंत्रालयातून फोन गेले होते, असे वर्तमानपत्रांत छापून आले. फोन करणारे असूनही ही गत, तर ज्याच्यासाठी मंत्रालयाच्या दारावरचा शिपाईसुद्धा फोन करणार नाही त्याची किती मरणे कोणत्याही वहीत न लिहिता निघून गेली असतील?

आता विम्याच्या कार्डाकडे वळू. २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यातच मुंबई आणि मुंबई उपनगर जिल्हे होते. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण. पुढे दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या आणि २०२४ पासून राज्यातील सर्वच कुटुंबांना ५ लाखांचे कवच मिळाल्याचे जाहीर झाले. कार्ड नको, असे आम्ही म्हणणार नाही. डायलिसिसवर असलेल्या आमच्या कित्येक बांधवांना या योजनेने जगवले आहे, आणि जे चांगले आहे त्याला चांगले म्हणण्यात कमीपणा नाही.

पण कार्डाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कार्ड चालते ते यादीतल्या रुग्णालयात, यादीतल्या आजारावर आणि दाखल झाल्यावर. मधुमेहाची रोजची गोळी, रक्तदाबाची गोळी, डॉक्टरची फी, दाखल न होता केलेली रक्ततपासणी हा रोज खिशाला भोक पाडणारा खर्च तसाच राहतो. ती गोळी परवडत नाही म्हणून माणूस चार वर्षे चुकवतो आणि पाचव्या वर्षी मूत्रपिंड गेल्यावर पाच लाखांच्या कार्डाला पात्र होतो. सरकारने ठरवलेले दर परवडत नाहीत म्हणून मोठमोठी खासगी रुग्णालये या योजनेत आलीच नाहीत, हे तर सर्वश्रुत आहे. आणि विम्याचा पैसा ज्या दिशेने वाहतो, तिकडेच रुग्णालये वाढतात. पालिकेच्या दवाखान्यातील रिकामे पद त्या पैशाने भरले जात नाही.

योजनेला फुल्यांचे नाव दिले, आनंद आहे. पण फुले कुटुंबाचा दवाखाना कसा होता? १८९७ च्या प्लेगमध्ये यशवंतराव फुल्यांनी पुण्याबाहेर हडपसरच्या माळावर दवाखाना थाटला आणि सावित्रीमाई स्वतः रुग्णांना उचलून आणीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. पोर वाचले, माई गेल्या. १० मार्च १८९७. त्या दवाखान्याच्या दारात अनामतीची खिडकी नव्हती.

बाबासाहेबांची या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टीही आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. जयंतीला आपण राज्यघटनेवर बोलतो, आरक्षणावर बोलतो, दवाखान्यावर बोलत नाही. १९२८ च्या जुलै महिन्यात मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. आई होणाऱ्या स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोन वर्षांपूर्वीच, १९२६ मध्ये, त्यांचा राजरत्न गेला होता. पाच लेकरांपैकी चार लेकरे गमावलेल्या माता रमाईचे नाव आपण वस्तीला दिले आहे. त्या वस्तीत उपचारावाचून माणूस जाणे म्हणजे काय, हे त्या नावालाच माहीत!

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. त्यांच्या खात्याच्या काळात १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्यावर औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्याच सुमारास भोर समितीने १९४६ मध्ये सांगून ठेवले होते की, पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये. संविधानाच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. पुढे २०१५ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यात आरोग्य हा कायद्याने हक्क करावा, अशी चर्चा होती. २०१७ चे अंतिम धोरण आले तेव्हा हक्क गळाला आणि आश्वासन उरले. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के खर्च २०२५ पर्यंत आरोग्यावर करू, हेही त्याच धोरणात होते. २०२५ साल आले नि गेले, अडीच टक्के काही आले नाहीत.

आमच्या त्या रुग्णाकडे परत येतो, कारण अडारकरांच्या योजनेशी त्याचा थेट संबंध आहे. तो एका मॉलमध्ये हाउसकीपिंगचे काम करतो, ठेकेदाराकडे. पगार चौदा हजार. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याची पगाराची चिठ्ठी पाहिली, तर तीत ‘ईएसआय’ म्हणून दरमहा १०५ रुपये कापलेले! म्हणजे हा माणूस विमाधारक कामगार. त्याच्या हक्काचे रुग्णालय वेगळे, त्याचे कार्ड वेगळे. कार्ड कुठे आहे? ते त्याने कधी पाहिलेलेच नाही. ठेकेदाराने पैसे कापले आणि नोंदणीच केली नाही. हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार चालू आहे. ठेकेदाराने भरले नाही तर मूळ मालकाने भरायचे, असे १९४८ च्या कायद्यातच होते. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ठेकेदार मात्र कोणत्याही संहितेत विलीन होत नाही!

आणि समजा कार्ड असते, तरी तो गेला असता कुठे? उपनगरातील कामगारांचे मोठे रुग्णालय अंधेरीत, मरोळ एमआयडीसीत. १७ डिसेंबर २०१८ रोजी त्या कामगार रुग्णालयाला आग लागली, उपचारासाठी आलेली माणसे धुरात गुदमरून मेली आणि पुढची कित्येक वर्षे ते रुग्णालय पूर्ण ताकदीने उभे राहिले नाही. कामगारांच्या पगारातून कपात मात्र एक महिनाही थांबली नाही.

त्याच मरोळमध्ये सेव्हन हिल्स रुग्णालय आहे. जमीन मुंबई महापालिकेची. खासगी कंपनीने रुग्णालय बांधायचे, चालवायचे आणि २० टक्के खाटा पालिकेच्या रुग्णांना द्यायच्या, असा करार. २०१० मध्ये थाटात उद्घाटन झाले. त्या २० टक्के खाटांवरून पालिका आणि कंपनी यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मग २०२० मध्ये कोरोना आला. पालिकेने तेच रुग्णालय हाताशी धरले आणि हजारो रुग्ण तिथे उपचार घेऊन घरी गेले. २१ मे २०२० ला राज्य सरकारने अधिसूचना काढून खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा ताब्यात घेतल्या आणि दर ठरवून दिले. रोग श्रीमंतांच्या इमारतीत शिरला तेव्हा ८० टक्के खाटा एका कागदाने मिळाल्या. गरिबांच्या २० टक्क्यांसाठी मात्र अजून अर्ज-विनंत्या चालू आहेत. आमचे म्हणणे पटत नसेल, त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

इतके होऊनही खासगी भागीदारीचा मोह सुटत नाही. मुलुंडचे एम. टी. अगरवाल रुग्णालय, बोरिवलीचे भगवती रुग्णालय, मानखुर्दची नवी इमारत यांच्या बाबतीत हेच धोरण पुढे आले आणि २०२५ मध्ये त्याविरुद्ध कामगार संघटना आणि रहिवासी रस्त्यावर उतरले. भगवतीच्या पुनर्विकासाची वाट बोरिवलीकरांनी इतकी वर्षे पाहिली, ती काय इमारत तयार झाल्यावर किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायला? राजावाडी रुग्णालय आमच्या घाटकोपरकरांच्या आठवणीत कायमचे आहे. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा बांधव शहीद झाले, त्या दिवशी जखमींना घेऊन लोक धावले ते राजावाडीकडेच. त्या वेळी अनामतीचा प्रश्न उभा राहिला नाही, कारण ते पालिकेचे रुग्णालय होते. सरकारी रुग्णालयात गर्दी असते, फरशी ओली असते, माणसे चिडचिडी असतात, हे आम्हाला मान्य. तरी दार उघडे असते. ते दार आपण गमावता कामा नये.

कायद्याने दार उघडे आहेच, असे पुस्तके म्हणतात. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जखमीला आधी वाचवा, पोलीस आणि कागद नंतर. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या शेतमजूर समितीच्या खटल्यात, आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते, तेव्हा न्यायालयाने हा कलम २१ खालील जीविताच्या हक्काचा भंग ठरवला आणि त्याला २५ हजारांची भरपाई दिली. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा स्वतंत्र कायदा केला. तातडीच्या रुग्णाला आगाऊ पैसे न मागता उपचार द्यावेत, एवढ्या मुद्द्यावर तिथले खासगी डॉक्टर संपावर गेले. महाराष्ट्रात तसा कायदा का नाही, हा प्रश्न आपल्या प्रत्येक आमदाराला विचारला पाहिजे, आणि आमदार ‘आपला’ असेल तर जरा जोरात विचारला पाहिजे.

रुग्णालयांची बाजूही आम्ही ऐकली आहे. निधी संपला, खाटा भरलेल्या आहेत, खोटे उत्पन्नाचे दाखले घेऊन गाडीवाले येतात. तिन्हींत थोडे तथ्य असेल. अंधेरी-विलेपार्ल्याच्या पट्ट्यात काही लहान ट्रस्ट रुग्णालये गाजावाजा न करता हे काम प्रामाणिकपणे करतात, त्यांना आम्ही ओळखतो. पण निधी संपला असेल तर हिशेब दाखवा. खाटा भरल्या असतील तर कोणी भरल्या ते दाखवा. नावे नकोत, आकडे दाखवा. माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे. धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय वरळीला आहे आणि दरमहा पाठवायच्या विवरणाची प्रत मागणारा अर्ज करायला दहा रुपये लागतात.

मग आपण ते दहा रुपये का खर्च करत नाही? इथे थोडे आपल्याच माणसांशी बोलायचे आहे, राग येऊ देऊ नका. १४ एप्रिलला आपण रक्तदान शिबिर घेतो, फलकावर वीस फोटो छापतो. आपण दिलेले रक्त त्याच रुग्णालयांच्या रक्तपेढ्यांत जाते. पण त्याच रुग्णालयात आपल्या माणसाला खाट मिळाली का, हे पाहायला वर्षभरात कोणी जात नाही. पूर्वी वस्तीत एक तरी असा कार्यकर्ता असे, ज्याला राजावाडीचे वॉर्ड आणि सायनची केसपेपरची खिडकी पाठ होती. रात्री-अपरात्री तो उठत असे. तो म्हातारा झाला, आणि नव्या पोरांना आम्ही मोर्चाची घोषणा शिकवली, अर्ज शिकवला नाही. यात आम्ही स्वतःलाही वगळत नाही. वीस वर्षे वकिली करून कलम ४१ कक वर वस्तीत पहिले व्याख्यान आम्ही त्या रात्रीनंतर दिले.

त्या व्याख्यानात आम्ही जे सांगितले ते थोडक्यात इथेही सांगतो. आजार यायच्या आधी कागद करून ठेवा. शिधापत्रिका, आधार आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. दाखला एका दिवसात मिळत नाही, आणि आजार सांगून येत नाही. ट्रस्टच्या रुग्णालयात गेल्यावर ‘मदत करा’ म्हणू नका, ‘निर्धन रुग्ण म्हणून नोंद करा’ म्हणा. नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. लेखी मागितल्यावर निम्म्या ठिकाणी नकार विरघळतो, हा आमचा अनुभव. वैद्यकीय समाजसेवक कोण, त्याचे नाव लिहून घ्या. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, राज्यातील शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या नियमांतील रुग्णहक्कांच्या सनदेत हे आहे, आणि ही सनद रुग्णालयात दर्शनी भागी लावलेली असली पाहिजे. नसेल तर मोबाइलवर रिकाम्या भिंतीचा फोटो काढा, तोही पुरावा असतो.

त्या रुग्णाच्या बिलाची कथा मात्र अजून संपलेली नाही. त्याचा पगार वर्षाला १ लाख ६८ हजार, म्हणजे तो निर्धनांत बसतो. परंतु बहीण दोन घरची धुणीभांडी करते, त्याचे महिन्याला तीन हजार. ते धरले की कुटुंबाचे उत्पन्न २ लाख ४ हजार होते आणि कुटुंब ‘दुर्बल’ ठरते, म्हणजे मोफत जाऊन सवलत येते. बायकोने भांडी घासली नसती तर नवऱ्याचा उपचार फुकट झाला असता! रुग्णालयाने सवलतीचे बिल हातात ठेवले, त्यात औषधे आणि स्टेंट पूर्ण दराने लावलेले होते. योजनेप्रमाणे ती खरेदीच्या दराने लावून वर निम्मी सवलत द्यायला हवी होती. आम्ही लेखी हरकत घेतली. बिल कमी झाले, पण किती कमी व्हायला हवे यावर पत्रव्यवहार चालू आहे. निर्धन रुग्ण निधीच्या त्या महिन्याच्या विवरणासाठी माहिती अधिकाराचा अर्ज बहिणीने स्वतःच्या नावाने केला आहे. अर्जावर सही करताना तिने एकच विचारले, ‘‘दादा, ‘निर्धन’ लिहायचं का ‘दुर्बल’?’’

दर रविवारी सकाळी बुद्धवंदनेनंतर विहारात एक टेबल मांडून आम्ही बसतो. उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज तिथे भरून मिळतात. येताना शिधापत्रिकेची मूळ प्रत आणि पगाराची चिठ्ठी घेऊन या. चिठ्ठीत ‘ईएसआय’ची कपात असेल तर तेवढी ओळ पेनाने खूण करून आणा.